भांडणातला तिसरा



शेजाऱ्याशी कधीच भांडण झाले नाही असा शेतकरी शोधून सापडायचा नाही. कुणाचा बांध हातभर सरकलेला असतो, कुणाच्या आंब्याची फांदी दुसऱ्याच्या वावरात गेलेली असते, कुणाची पाण्याची पाळी रात्रीत कुणी तरी फोडलेली असते. भांडण वाढले की तिसरा माणूस मध्ये येतो. कधी तो भाऊबंद असतो, कधी सोयरा, कधी गावचा वजनदार माणूस, कधी तालुक्याचा वकील. हा तिसरा कसा निघतो यावर दोन्ही घरांची पुढची वीस-पंचवीस वर्षे अवलंबून असतात.

राज्याराज्यांचे आणि देशादेशांचेही असेच असते. अमुक दोन देशांची लढाई थांबवायला तमुक सरकार मध्ये पडले, कुणी शांतिसेना पाठवली, कुणी पैसा दिला, अशा बातम्या आपण ऐकतो आणि म्हणतो, हे मोठ्यांचे काम, आपल्याला काय त्याचे! पण आपल्या कोल्हापूरच्या पन्हाळगडाने अशा तिसऱ्यांचे बरेच नमुने पाहिले आहेत. त्यातला एकेक नमुना आज तुमच्यापुढे मांडतो. शेवटी तुमच्या बांधाच्या कामाला येईल असेही त्यात काही सापडेल.

पन्हाळा कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटरवर. २०२५ च्या जुलै महिन्यात युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात पन्हाळा आहे. गडावर गेलेला माणूस तीन दरवाजा पाहतो, अंबरखान्याची प्रचंड कोठारे पाहतो, सज्जा कोठीतून खालच्या खोऱ्यावर नजर टाकतो. पण या गडाचा चार दरवाजा मात्र आज पूर्वीसारखा उभा नाही. तो का नाही, ते या गोष्टीच्या ओघात येईलच.

तोफ घेऊन आलेला

पहिला नमुना १६६० सालचा. शिवाजी महाराज पन्हाळ्यावर होते आणि विजापूरकरांच्या सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला होता. भांडण महाराजांचे आणि आदिलशहाचे. त्यात इंग्रजांचा काही संबंध नव्हता. ते राजापूरला वखार घालून व्यापार करीत होते. तरी त्यांचा राजापूरचा मुख्य हेन्री रेव्हिंग्टन तोफ आणि दारूगोळा घेऊन जौहरच्या मदतीला पन्हाळ्याखाली आला आणि आपले निशाण लावून गडावर गोळे टाकू लागला. विजापूरकरांची मर्जी राखावी, म्हणजे व्यापार बरा चालेल, एवढाच त्याचा हिशेब.

महाराज जुलै महिन्यात पावसापाण्याच्या रात्री वेढ्यातून निसटून विशाळगडावर गेले. पुढच्या साली त्यांनी राजापुरावर चालून जाऊन वखार लुटली आणि रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैदेत टाकले. जो तिसरा उघड उघड एकाच्या बाजूने काठी घेऊन उभा राहतो तो ओळखायला सोपा असतो. त्याच्यापासून सावध राहता येते आणि पुढेमागे त्याचा हिशेबही चुकता करता येतो. अवघड असतो तो पुढचा प्रकार.

न्यायाधीश होऊन बसलेला

औरंगजेब १७०७ साली मेला आणि मोगलांच्या कैदेतून शाहू महाराज सुटून आले. इकडे ताराबाईंनी राज्य सांभाळले होते. गादी कुणाची, यावर घरात वाद पेटला. शाहू महाराज साताऱ्याला राज्य करू लागले, ताराबाईंनी पन्हाळ्याला ठाण मांडले. १७१४ साली पन्हाळ्यावरही घर फुटले. ताराबाईंची सवत राजसबाई, तिच्या मुलाला, म्हणजे संभाजीराजांना गादीवर बसवण्यात आले आणि ताराबाई आपल्या मुलासह नजरकैदेत गेल्या. आता सातारा आणि पन्हाळा अशी दोन चुलतभावांची दोन राज्ये शेजारी शेजारी उभी राहिली. दोघेही शिवछत्रपतींचे नातू.

एका वाड्यात दोन चुली झाल्या की काय होते ते तुम्हाला सांगायला नको. मुलूख कुणाचा, वसूल कुणाचा, हे रोजचे तंटे. हे सगळे हैदराबादचा निजाम शांतपणे पाहत होता. त्याला मराठ्यांना चौथाई आणि सरदेशमुखी द्यावी लागत असे. १७२७ साली त्याने मोठा साळसूद पवित्रा घेतला. तो म्हणाला, मला पैसे द्यायला हरकत नाही, पण द्यायचे कुणाला? साताऱ्याला की पन्हाळ्याला? दोघांनी आपापला हक्क माझ्यापुढे शाबीत करावा, मी निवाडा करीन.

वरवर ऐकले तर बोलणे किती रास्त वाटते! पण नीट पाहा. देणेकरीच न्यायाधीश झाला. जोवर निवाडा होत नाही तोवर पैसा त्याच्याच गाठीला राहणार. मग निवाडा लवकर व्हावा असे त्याला का वाटावे? दोन मांजरांच्या लोण्याचा वाटा करणारे माकड आपण लहानपणी गोष्टीत ऐकले, ते हेच.

दुर्दैव असे की संभाजीराजे निजामाच्या बाजूला गेले. शाहू महाराज मात्र खवळले. आमच्या घरचा वाद परका कोण सोडवणार, असे त्यांचे म्हणणे पडले. बाजीराव पेशवे फौज घेऊन निघाले आणि २८ फेब्रुवारी १७२८ रोजी पालखेडला त्यांनी निजामाला असे कोंडीत पकडले की पाण्यावाचून त्याच्या फौजेचे हाल झाले. मार्चमध्ये मुंगी-शेवगावला तह झाला. निजामाने चौथाई कबूल केली आणि संभाजीराजांचा पक्ष सोडला. न्यायाधीशाने आपल्याच अशिलाला वाऱ्यावर सोडले. परक्याच्या भरवशावर भावाशी वैर मांडणाऱ्याच्या वाट्याला बहुधा हेच येते.

दोघांनी आपणच मिटवले

निजाम बाजूला झाला म्हणून भांडण लगेच संपले नाही. १७३० साली वारणेच्या काठी लढाई झाली. संभाजीराजांचा मोड झाला, त्यांचा तळ लुटला गेला. ताराबाई आणि संभाजीराजांच्या राणी जिजाबाई साताऱ्याच्या फौजेच्या हाती लागल्या.

आता खरी कसोटी जिंकणाऱ्याची होती. हाती सापडलेली भावजय अडकवून ठेवून शाहू महाराजांना वाटेल ते लिहून घेता आले असते. तसे त्यांनी केले नाही. जिजाबाईंना त्यांनी मानाने परत पाठवले. ताराबाई मात्र साताऱ्यालाच राहिल्या. घरातली सून सन्मानाने परत आली, तेव्हा पन्हाळ्याचा राग निवळायला सुरुवात झाली. बोलणी सुरू झाली. १७३१ च्या सुरुवातीला कऱ्हाडजवळ जखिणवाडीला दोघे भाऊ भेटले. माणसांचा प्रचंड मेळा त्या भेटीला लोटला होता. १३ एप्रिल १७३१ रोजी तहाची कलमे पक्की झाली. हाच वारणेचा तह.

तहात काय होते? पहिली गोष्ट म्हणजे हद्द. वारणा नदीच्या दक्षिणेचा मुलूख, पुढे वारणा कृष्णेला मिळते तिथून खाली तुंगभद्रेपर्यंत, संभाजीराजांकडे. उत्तरेचा शाहू महाराजांकडे. नदी ही अशी हद्द की तिचा दगड कुणी रात्रीत उपटून हलवू शकत नाही. दुसरी गोष्ट, तुंगभद्रेच्या पलीकडे रामेश्वरापर्यंत जे नवे मिळेल ते निम्मे निम्मे. तिसरी, एकाशी कुणी वैर केले तर दुसऱ्याने त्याचे पारिपत्य करायचे. आणि चौथी मला फार शहाणपणाची वाटते. एकाचा बिघडलेला नोकर दुसऱ्याने चाकरीला ठेवायचा नाही. कारण अशी रुसून गेलेली माणसेच इकडचे तिकडे सांगून घरे पेटवतात, हे दोघांनाही ठाऊक झाले होते.

या तहात दोघे बरोबरीचे नव्हते हेही सांगितले पाहिजे. सातारा जिंकलेला होता, पन्हाळा हरलेला. पण जिंकलेल्याने थोडे सोडले आणि हरलेल्याने हट्ट सोडला. शाहू महाराज १७४९ साली वारले, तोवर या दोन गाद्यांमध्ये पुन्हा मोठी लढाई झाली नाही. आणि गंमत पाहा, राजे गेले, राज्ये विलीन झाली, तरी बऱ्याच अंतरापर्यंत आजही वारणा हीच कोल्हापूर आणि सांगली या दोन जिल्ह्यांची हद्द आहे. अलीकडे-पलीकडे सोयरिकी आहेत, उसाच्या गाड्या येतात-जातात. जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वी दोन भावांनी पाण्यावर ओढलेली रेघ अजून पुसली गेलेली नाही.

राखणदार म्हणून आलेला

पण दोघांनी आपापसात मिटवणे नेहमी जमतेच असे नाही. शेजारी बलदांड असला, आपण दुबळे असलो, तर तिसऱ्याचा आधार शोधावाच लागतो. कोल्हापूर संस्थानावर पुढे तशी पाळी आली.

राजधानी १७८२ साली पन्हाळ्यावरून खाली कोल्हापुरात आली. त्या काळात कोल्हापूरकर चहूकडून घेरल्यासारखे होते. पटवर्धनांशी लढाया, पेशव्यांशी लढाया, सावंतवाडीशी वैर. चिकोडी आणि मनोळी या दोन तालुक्यांवरून निपाणीकरांशी कटकट. वर्षानुवर्षे फौजा येत-जात राहिल्या की रयतेचे काय होते? उभे पीक घोड्यांच्या दावणीला जाते, पेरणीच्या वेळी बैल वेठीला धरले जातात. त्या वेळच्या कोल्हापूरच्या शेतकऱ्याला शांतता हवी होती आणि ती कोण देतो याची पंचाईत करण्याची त्याला सवड नव्हती.

अशा वेळी पुण्यातला इंग्रज कंपनीचा वकील एल्फिन्स्टन मध्ये पडला. १८१२ साली कोल्हापूर आणि कंपनी यांचा तह झाला. कोल्हापूरने चिकोडी-मनोळीवरचा हक्क सोडला. मालवणचे बंदर आणि तिथले किल्ले कंपनीला दिले. शिवरायांनी समुद्रात बांधलेला सिंधुदुर्ग त्यातच गेला. बदल्यात कंपनीने हमी घेतली की बाहेरच्या कुणीही कोल्हापूरवर हल्ला केला तर आम्ही राखण करू. आणखी एक कलम होते. कोल्हापूरने कंपनीच्या संमतीशिवाय कुणाशी लढाई करायची नाही आणि शेजाऱ्याशी तंटा झाला तर तो कंपनीपुढे ठेवायचा, कंपनी देईल तो निवाडा मान्य करायचा.

राजाला नावे ठेवणे आज सोपे आहे. पण त्याच्या जागी बसून पाहा. हा तह केला नसता तर शेजाऱ्यांनी राज्याचे लचके तोडले असते, ही भीती खोटी नव्हती. बाहेरच्या स्वाऱ्या खरोखर थांबल्या. तेव्हा कंपनीने काहीच दिले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रश्न आहे तो शेवटच्या कलमाचा. एका भांडणासाठी पंच बोलावणे वेगळे आणि यापुढची सगळी भांडणे त्याच्याच दारात न्यायचे लिहून देणे वेगळे. असे लिहून दिले की पंच कधी उठून जातच नाही.

पुढचे पाहा. पेशव्यांविरुद्धच्या युद्धात कोल्हापूरने कंपनीला साथ दिली, म्हणून चिकोडी-मनोळी परत मिळाली. पण १८२७ च्या तहाने ती पुन्हा काढून घेतली. त्याच तहाने कोल्हापूरची फौज कमी करायला लावली, कोल्हापूर आणि पन्हाळा या दोन्ही ठिकाणी इंग्रजांची शिबंदी ठेवायचे ठरले आणि दिवाणही कंपनी नेमील तो, असे झाले. शेजाऱ्यापासून राखण करायला आलेला राखणदार पंधरा वर्षांत घराच्या किल्ल्या कमरेला लावून हिंडू लागला.

मग १८४४ साल उजाडले. गादीवर राजा लहान, कारभारी इंग्रजांनी नेमलेला. त्याने कारभारात फेरबदल सुरू केले. पिढ्यान् पिढ्या किल्ले राखणाऱ्या गडकऱ्यांची वतने धोक्यात आली. सामानगडावर बंड उभे राहिले, भुदरगडावर पसरले आणि पन्हाळाही बंडवाल्यांच्या हाती गेला. साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट कर्नल ओव्हान्स दौऱ्यावर असताना त्यांनी पकडला आणि पन्हाळ्यावर कैदेत ठेवला. तेव्हा मोठी फौज आली. १ डिसेंबर १८४४ रोजी तोफांनी तटाला खिंडार पाडून पन्हाळा घेतला. गड पुन्हा कुणाला लढवता येऊ नये म्हणून तटबंदी मोडण्यात आली आणि चार दरवाजाही पाडला गेला.

ज्या गडाने सिद्दीच्या वेढ्यात दम सोडला नव्हता, त्याचा तट अखेर राखणदारानेच फोडला. कुंपणाने शेत खाल्ले म्हणतात ते असे.

वडगावचा जनरल कोरियात

मग काय, परका तिसरा मध्ये येऊच नये? असे म्हणून चालणार नाही. कारण जगात असाही तिसरा झाला आहे की जो आला, काम केले आणि हात झटकून घरी गेला. आणि तो कोल्हापूरचाच होता. लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. कोल्हापूर भागातल्या वडगावात १९०६ साली त्यांचा जन्म झाला. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्यांनी नाव कमावले.

कोरिया देशाचे १९४५ नंतर दोन तुकडे झाले, उत्तर आणि दक्षिण. एक भाषा, एक रक्त. १९५० च्या जूनमध्ये उत्तरेने दक्षिणेवर चाल केली. दक्षिणेमागे अमेरिका आणि तिचे मित्र, उत्तरेमागे चीन आणि रशिया. तीन वर्षांत लाखो माणसे मेली. भारताने या लढाईत बंदूक धरणारे सैन्य पाठवले नाही. साठाव्या पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्सचे डॉक्टर आणि परिचारक मात्र १९५० पासून तिथे जखमींची सेवा करीत होते.

लढाई थांबवायची बोलणी कैद्यांवरून अडून बसली. दक्षिणेकडच्या छावण्यांत उत्तर कोरियाचे आणि चीनचे असे हजारो कैदी होते की जे म्हणत होते, आम्हाला घरी जायचे नाही. एक बाजू म्हणे, यांना धाकाने असे बोलायला लावले आहे. दुसरी म्हणे, जबरदस्तीने परत पाठवणार नाही. या कैद्यांत बहुतेक शेतकऱ्यांचीच पोरे. कुणाची आई गावात वाट पाहत होती, कुणी गावी परतलो तर मारतील म्हणून भीत होता. या एका प्रश्नावर महिनोन् महिने तोफा चालू राहिल्या.

भारताने १९५२ च्या अखेरीस राष्ट्रसंघात तोडगा मांडला. कैदी काही काळ तटस्थ देशांच्या ताब्यात द्यावेत. त्यांच्या देशाच्या माणसांनी येऊन त्यांना समजावावे. मग ज्याने त्याने आपले ठरवावे. २७ जुलै १९५३ रोजी शस्त्रसंधी झाली. तटस्थ देशांच्या आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे आले, जनरल थिमय्या अध्यक्ष झाले. आणि कैदी प्रत्यक्ष सांभाळायला जी भारतीय फौज गेली तिचे प्रमुख होते तेव्हाचे मेजर जनरल थोरात.

हे काम किती अडचणीचे होते पाहा. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांना भारतीयांचा इतका राग होता की आमच्या भूमीवर पाय ठेवू देणार नाही असे त्यांनी बजावले. म्हणून आपल्या जवानांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने उचलून थेट दोन्ही सैन्यांमधल्या मोकळ्या पट्ट्यात उतरवावे लागले. फौज पाच-सहा हजारांची आणि सांभाळायचे बावीस हजारांवर कैदी. तेही आपसात गट पाडलेले, रागावलेले, काट्यांच्या तारांमागे ठेवलेले. दोन्ही बाजूंना संशय, की हे भारतीय आतून दुसऱ्याला मिळालेले आहेत.

सप्टेंबर महिन्यात एका गोटात चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल या आपल्या अधिकाऱ्याला धरून ठेवले. गोळीबार केला असता तर ग्रेवाल वाचले नसते आणि कैदीही शेकड्यांनी मेले असते. थोरात स्वतः त्या खवळलेल्या जमावात शिरले, त्यांच्याशी बोलले आणि ग्रेवालांना सोडवून घेऊन आले. या धैर्याबद्दल त्यांना अशोक चक्र वर्ग दुसरा हा मान मिळाला. आज त्यालाच कीर्ती चक्र म्हणतात. सगळेच प्रसंग असे गोडीने मिटले नाहीत. ऑक्टोबरच्या सुरुवातीला गोळी चालवावी लागली आणि काही कैदी प्राणास मुकले. पण हजारो माणसे कापली जातील अशी जी भीती होती ती खरी ठरली नाही.

समजावणीची मुदत नव्वद दिवसांची. शेवटी फार थोडे कैदी घरी जायला तयार झाले. १९५४ च्या जानेवारीत उरलेले कैदी ज्यांच्याकडून आले होते त्यांच्याकडे सोपवले गेले. आम्हाला ना इकडे जायचे ना तिकडे, असे म्हणणारे ऐंशीहून अधिक जण आपल्या जवानांबरोबर भारतात आले. आणि फौज परतली. बंदर मागितले नाही, किल्ला मागितला नाही, मुलूख मागितला नाही. तिथे ठाणे ठेवले नाही. थोरातांना १९५४ साली पद्मश्री मिळाली. पुढे ते सैन्याच्या पूर्व विभागाचे प्रमुख झाले आणि निवृत्तीनंतर कोल्हापुरात येऊन राहिले. १९९२ साली ते वारले. त्यानंतरही भारताच्या अडीच लाखांहून अधिक जवानांनी राष्ट्रसंघाच्या निळ्या टोपीखाली परक्या मुलखात पहारे दिले आहेत आणि पावणेदोनशेच्या आसपास जवानांनी तिथे देह ठेवला आहे.

तरी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. कोरियाच्या दोन भावांत आजपर्यंत कायमचा तह झालेला नाही. १९५३ ची शस्त्रसंधी तेवढी चालू आहे. मधल्या पट्ट्यात सुरुंग पेरलेले आहेत. तिसऱ्याने लढाई थांबवायला हातभार लावला, कैद्यांची गाठ सोडवली. मने जुळवायचे काम दोघांचे होते, ते राहून गेले. जखिणवाडीची भेट तिथे झाली नाही.

पैसा लावून मिटवलेले भांडण

कधी तिसरा पैसा घेऊन येतो. भारत आणि पाकिस्तान यांच्यात सिंधू आणि तिच्या पाच उपनद्यांच्या पाण्याचा वाद होता. फाळणीने कालवे एकीकडे आणि त्यांची मुखे दुसरीकडे अशी गत केली होती. जागतिक बँक मध्ये पडली. आठ-नऊ वर्षे बोलणी चालली. १९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीला पंडित नेहरू आणि अयूब खान यांनी सह्या केल्या. सतलज, बियास आणि रावी भारताला, सिंधू, झेलम आणि चिनाब यांचे बहुतेक पाणी पाकिस्तानला.

पाकिस्तानला नवे कालवे आणि धरणे बांधावी लागणार होती. त्यासाठी भारताने दहा वर्षांत सहा कोटी वीस लाख पौंड दिले. त्याशिवाय अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि पश्चिम जर्मनी या सरकारांनी पैसा घातला. पाण्यावरून रक्त सांडू नये म्हणून सहा सरकारांनी गाठ सोडली, ही लहान गोष्ट नव्हे. १९६५, १९७१ आणि १९९९ च्या लढायांतही हा करार टिकला. पण २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामला दहशतवाद्यांनी निरपराध माणसे मारली आणि भारताने हा करार स्थगित केला. पैशाने कालवे बांधता येतात. शेजाऱ्याचा विश्वास पैशाने बांधता येत नाही.

आपल्या कृष्णेचा वाद देशातलाच, त्यामुळे तिथे परका तिसरा नाही. १९६९ साली बच्छावत लवाद बसला आणि १९७६ च्या अंतिम निवाड्यात महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्राला ८०० अब्ज घनफूट पाणी दिले गेले. पण २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेकाठच्या घरांत पाणी शिरले तेव्हा कळले, की लवादाने वाटा ठरवला तरी रोज सकाळी धरणाचे आकडे एकमेकांना कळवायचे काम शेजाऱ्यांनाच करावे लागते.

तिसऱ्याला बोलावण्यापूर्वी

तर मंडळी, एवढ्या इतिहासातून आपल्या शिवाराला काय घेता येईल? तिसऱ्याला हाक मारण्याआधी चार प्रश्न स्वतःला विचारावेत.

एक, भांडण लांबले तर याचा फायदा आहे का? असेल तर तो निजाम समजावा. तुमची जमीन पडत्या भावात घ्यायला टपलेला माणूस बांधाच्या वादात कधी पंच करू नये.

दोन, हा काय मागतो आहे? उघड फी मागणारा वकील परवडतो, त्याचा आकडा तरी माहीत असतो. काही नको, फक्त यापुढे मला विचारल्याशिवाय काही करू नका, असे म्हणणारा सगळ्यात महाग पडतो.

तीन, हा परत कधी जाणार? काम ठरलेले असावे, मुदत ठरलेली असावी. कोरियात नव्वद दिवस ठरले होते.

चार, जे ठरले ते दोघांच्या तोंडून ठरले का? सरकारी मोजणी करून घ्यावी, खुणेचे दगड दोन्ही घरच्या माणसांसमोर बसवावेत, कागदावर दोघांनी सह्या कराव्यात. घरच्या बायकांनाही त्या वेळी बोलवावे. बांधावर रोज गाठ त्यांचीही पडते, आणि जिजाबाई मानाने परत आल्या म्हणून जखिणवाडीची भेट घडली, हे विसरू नये.

आणि तुम्हाला कुणी पंच म्हणून बोलावले, तर दोघांचे नीट ऐकून घ्यावे. जिंकणाऱ्याला थोडे सोडायला सांगावे, हरणाऱ्याचा मान राखावा. चहा घ्यावा, पान खावे आणि वडगावच्या जनरलसारखे रिकाम्या हातांनी आपल्या घरी यावे.